पटनीटॉपच्या पुढचा उतार

"तू खाली शीर, येशवंता. मी वर बसतो," सिद्रामअण्णा म्हणाला आणि मी जागचा हललो नाही.

सकाळ झाली होती, पण ढग इतके खाली उतरले होते की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. श्रीनगरच्या वाटेवरचं पटनीटॉप ओलांडून आम्ही पलीकडच्या उतारावर उभे होतो. बर्फ पडल्यामुळं वाहतूक अडवून ठेवली होती. आता ती सुटली, पुढच्या गाड्या एकेक करून निघाल्या आणि आमची गाडी काही जागची हलेना. मागच्या चाकांचे ब्रेक आवळलेले होते, ते तसेच राहिले. हवेच्या पाइपात साठलेलं पाणी गोठलं होतं आणि हवा पुढं जात नव्हती. हे मला अण्णानंच सांगितलं. मी जतकडचा, दुष्काळी पट्ट्यातला माणूस. बर्फ म्हणजे रसवंतीत गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, एवढीच माझी ओळख.

पाइप शेकायचा म्हणजे एकानं गाडीखाली आडवं व्हायचं, कढत पाणी ओतायचं, पेटतं फडकं धरायचं. दुसऱ्यानं इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसायचं. हँडब्रेक ओढलेलाच ठेवायचा आणि खालून सांगितलं तरच सोडून बघायचा. पाइप मोकळा झालेला असताना वरच्यानं हँडब्रेक भलत्या वेळी सोडला, तर उतारावरची भरलेली गाडी खालच्या माणसासाठी थांबत नाही.

"मी न्हाई शिरत," मी म्हणालो.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. भुवयांवर बर्फाचे कण, नाक लाल झालेलं. त्यानं कानटोपी खाली ओढली आणि म्हणाला, "बरं. तू वर बस."

त्याला कळलं होतं. कळावं असंच मी बोललो होतो.

माझा थोरला भाऊ बिराप्पा, आमचा बिरूदादा, दोन हिवाळ्यांमागं याच घाटात गेला. तो आणि हा सिद्राम कोळेकर, दोघं एकाच गाडीवर. सांगलीतनं हळदीची पोती भरायची, श्रीनगरला उतरवायची आणि येताना अक्रोड नाहीतर सफरचंदं आणायची. वर्षानुवर्षं एका स्टोव्हवर शिजवून खाल्लेली माणसं. त्या हिवाळ्यात गाडी परत आली तेव्हा तिच्यात सिद्राम एकटा होता. दादाला उधमपुरातच अग्नी दिला होता. आमच्या हातात आलं ते लाल फडक्यात बांधलेलं गाडगं.

दारात उभं राहून सिद्राम आईला म्हणाला, "गाडी घसरली, कठड्यावर आदळली. बिरू बाहेर फेकला गेला."

तेराव्यानंतर मी सांगलीला जाऊन गाडी बघितली. पुढून मागून हात फिरवून बघितली. तिला साधा ओरखडा नव्हता. दिव्याची काचसुद्धा जुनीच होती, कारण तिच्यावर दादानं चिकटवलेलं बिरोबाचं चित्र तसंच होतं. मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "रस्त्यावर उतरला होता ना तो? मागनं आलेल्या कुठल्यातरी गाडीनं उडवलं, असं सिद्राम म्हणाला."

एका माणसाच्या मरणाच्या दोन गोष्टी. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. गावातही कुजबूज होती. कुणी म्हणायचं भांडण झालं असणार, कुणी आणखी काही. आई तर उघड म्हणायची, "माझ्या लेकाला त्येनंच घालवला." शेवंतावहिनी मात्र कधी काही बोलली नाही. ती शिवणयंत्रावर बसून राहायची आणि कुणी हा विषय काढला की यंत्र जोरात चालवायची.

मी तोवर उसाचे ट्रॅक्टर चालवत होतो. मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि मालकाकडं जाऊन म्हणालो, मला सिद्रामच्या जोडीला द्या, हिवाळ्याच्या खेपेला. मालक घुटमळला. सिद्राम तिथंच उभा होता. तो नको म्हणेल याची मी वाट बघत होतो. तो फक्त "येऊ दे" म्हणाला आणि टायर बघायला निघून गेला. त्याचाही मला संशयच आला.

निघताना आई म्हणाली, "त्येच्या हातचं पाणीबी पिऊ नगंस." वहिनी उंबऱ्यात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "काय कळलं तर मला सांगा, भावजी. कसंबी असू दे."

सगळ्या वाटेत मी माझी भाकरी वेगळी खाल्ली, चहा वेगळा घेतला. अण्णानं पहिल्यांदा कप पुढं केला, मी घेतला नाही. मग त्यानं पुन्हा केला नाही. तो चालवायचा तेव्हा मी झोपायचो नाही आणि मी चालवायचो तेव्हा त्याला पाठीमागच्या फळीवर झोपू द्यायचं माझ्या जिवावर यायचं. त्याला हे दिसत होतं. तरी तो मला शिकवत राहिला. पंजाब मागं पडल्यावर डिझेलमध्ये थोडं रॉकेल ओतलं आणि म्हणाला, थंडीत डिझेल घट्ट होतं, यानं पातळ राहतं. मी मनात म्हणालो, काय ओतलंस कुणाला ठाऊक. पुढच्या ढाब्यावर मी दुसऱ्या दोन ड्रायव्हरांना गुपचूप विचारून खात्री करून घेतली.

ते नवे मोठे बोगदे तेव्हा झाले नव्हते. उधमपूर सोडलं की चढण, मग कुद, मग पटनीटॉप. कुदला गाड्या थांबवून चाकांना साखळ्या घालायच्या होत्या. लोखंड इतकं गार की उघडं बोट लागलं तर कातडी चिकटायची. अण्णानं मला साखळी बर्फावर पसरून दाखवली, चाक तिच्यावर कसं घ्यायचं, आकडा कुठून अडकवायचा ते दाखवलं. मी त्याच्यामागोमाग प्रत्येक आकडा ओढून बघत गेलो. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "बघ, बघ. दोनदा बघितल्यालं चांगलंच."

समोरच पतीशाची, म्हणजे सोनपापडीसारख्या मिठाईची, एक टपरी होती. रतनचंद नावाचा तिकडचाच म्हातारा डोगरा ती चालवायचा. अण्णाला बघताच तो बाहेर आला, गळ्यात पडला. मग त्याची नजर माझ्यावर गेली आणि तो थबकला.

"ये बीरू का भाई है?" त्यानं विचारलं. "शकल तो वही है."

अण्णानं मान हलवली. मी कढत पाण्यानं थर्मास भरायच्या निमित्तानं टपरीच्या मागं गेलो. फळ्यांच्या फटीतनं त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"घर में बताया?"

"नहीं."

"अब तक नहीं? दो साल हो गए, सिद्राम."

मी थर्मास घेऊन पुढं आलो तेव्हा दोघंही गप्प झाले. रतनचंदनं मला पतीशाचा एक तुकडा दिला आणि पैसे घेतले नाहीत. तो तुकडा मी खिशात घातला, तोंडात घातला नाही.

आता मात्र मला शंका राहिली नाही. काहीतरी झालं होतं, ते या म्हाताऱ्यालाही माहीत होतं आणि दोघं मिळून ते झाकत होते. पटनीटॉपच्या पुढं रांगेत अडकलो तेव्हा केबिनमध्ये स्टोव्ह पेटवून आम्ही दोघं रात्रभर घोंगड्यांत गुरफटून बसलो. मी जॅकची दांडी मांडीखाली घेऊन बसलो होतो. काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. उजाडलं, गाड्या हलल्या, आमचे ब्रेक सुटेनात आणि अण्णा मला म्हणाला, तू खाली शीर.

तेव्हा मी शिरलो नाही, अण्णाच शिरला. त्यानं पुढच्या चाकांना मोठे दगड लावले, लाथ मारून बघितले. मला म्हणाला, "हँडब्रेक वडलेला ऱ्हाऊ दे. मी सांगितल्याबिगर हात लावायचा न्हाई." मग थर्मास आणि डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन तो मागच्या चाकांच्या पुढं, गाडीच्या पोटाखाली आडवा झाला. मला आरशातून त्याचे फक्त बूट दिसत होते.

मी इंजिन चालू केलं. सगळी केबिन थडथडायला लागली. मागचे ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसले होते. वारा फटीफटीतून शिट्टी घालत होता. मी काच थोडी खाली केली. बर्फाचे बारीक कण आत आले. माझा हात हँडब्रेकच्या दांडीजवळ होता आणि खाली तो होता. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या हातात होता.

आरशात बघितलं तर बूट दिसेनात. सरकला असेल, नाहीतर बाहेर आला असेल. आणि तेवढ्यात आवाज आला.

"सोड."

माझा हात दांडीवर गेला. आणि तिथंच थांबला.

इतक्यात कसं सोड म्हणतो? पाइप एवढ्यात सुटला? बूट कुठं गेले? समोर वीस-पंचवीस पावलांवर वळण होतं आणि वळणापलीकडं धुकं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं, पण काय असणार ते कळत होतं. हा पलीकडच्या बाजूनं बाहेर पडून उभा आहे, मी हँडब्रेक सोडणार, गाडी मला घेऊन वळणावरून खाली जाणार. आणि हा आईच्या दारात जाऊन सांगणार, गाडी घसरली, कठड्यावर आदळली. दादाचंही असंच झालं असेल. सगळं एका दमात डोक्यात जुळलं. आजवर जे जुळत नव्हतं तेसुद्धा.

मी जॅकची दांडी उचलली, दार उघडलं आणि खाली उडी मारली. त्याला उभ्याउभ्या पकडायचा होता. गाडीच्या पलीकडं धावलो. तिथं कुणी नव्हतं.

वाकून बघितलं. अण्णा खालीच होता. पाय पोटाशी घेऊन, कुशीवर वळून, मागच्या चाकाच्या अगदी तोंडाशी. एका हातात जळतं फडकं, दुसऱ्या हातानं पाइप धरलेला.

"कशाला उतरलास?" तो म्हणाला.

"तुमी सोड म्हनला."

"सोडू नगं म्हनालो. पाइप सुटायला लागलाय, मी अजून खाली हाय, सोडू नगं."

"मला सोड आयकू आलं."

फडक्यातून तेल ठिबकत होतं, बर्फावर पडून चर्र होत होतं. मागं हॉर्न वाजतच होते. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून मी गुडघ्यावर बसून पुन्हा म्हणालो, "सोड येवढंच आयकू आलं, अण्णा."

"तुलाबी?" तो म्हणाला.

मला आधी काही उमगलं नाही. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पलीकडं वळलेला होता. तो तसाच पाइपाशी तोंड करून बोलायला लागला.

"हितंच, थोडं खाली. असंच बर्फ. ब्रेक असंच आवळल्यालं. बिरू म्हनाला, तू दमलाईस, तू वर बस, मी शिरतो. मागनं हॉर्न वाजवाय लागलं. मला आयकू आलं, सोड. मी सोडला." त्यानं फडकं थोडं पुढं सरकवलं. "दगड हुतं लावल्यालं. बर्फावर दगड काय ऱ्हातंय. दोन हात गाडी गेली फुडं. दोनच हात."

मी जॅकची दांडी खाली ठेवली.

"मागच्या गाडीत बसून रतनचंद चालला हुता, त्यो नि पाच-सा ड्रायव्हर धावत आले. जॅक लावून काढला त्येला. तवा संपलंच हुतं."

"मग आईला आदळली म्हनून का सांगितलंसा?"

"खरं सांगायलाच आल्तो. वाटंनं सगळं घोकत आल्तो. दारात म्हातारी बघितली नि तोंडाला आलं ते बोललो. मालकाफुडं आनि दुसरंच आलं. आनि खरं म्हंजे तरी काय सांगू? त्यो सोड म्हनाला, का सोडू नगं म्हनाला? मलाच ठावं न्हवतं. वाटायचं, त्यो सरळ सोडू नगं म्हनालाय. मलाच घाई झाल्ती, म्हनून मला पायजे ते मी आयकलं. दोन वर्सं येवढंच चाललंय डोक्यात. वर बसल्याव खालचं निम्मंच आयकू येतंय, ह्ये आज कळलं. तू उतरलास. त्या दिवशी मी उतरलो न्हाई."

तो सरपटत बाहेर आला, गाडीपासून बाजूला, माझ्या नजरेसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. मी हँडब्रेक सोडला. हवेचा फुस्कारा झाला, चाकं मोकळी झाली. मी हँडब्रेक पुन्हा ओढल्यावर त्यानं दगड काढले. तो आत येऊन बसल्यावर मी गाडी उतारावर घातली आणि साखळ्या खळखळत निघालो. थोडं खाली गेल्यावर एका जागी त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. ती जागा कुठली हे मी विचारलं नाही.

रामबन येईपर्यंत मला काय वाटत होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. राग गेला नव्हता. पण इतके दिवस ज्या माणसावर तो धरला होता, तो माणूस मी मनातल्या मनात बनवलेला होता. शेजारी बसलेला माणूस वेगळाच होता. ओल्या बाह्यांनी कुडकुडत होता. मी एका हातानं माझं घोंगडं त्याच्याकडं ढकललं.

बनिहालला चहाला थांबलो तेव्हा मी म्हणालो, "परत गेलो की घरी यायचं. हे समदं वहिनीला सांगायचं. मी न्हाई सांगणार, तुमी सांगायचं."

"यीन," तो म्हणाला.

आणि आला. त्या वेळी त्यानं पाठ केलं नव्हतं. आमच्या अंगणात खाली बसून, मान खाली घालून, त्यानं जसं घडलं तसं सांगितलं. आई ऐकता ऐकता उठली आणि आत गेली. ती त्याच्याशी पुढं मरेपर्यंत बोलली नाही. तिला कुणी समजवायलाही गेलं नाही.

वहिनी मात्र यंत्र बंद करून ऐकत बसली होती. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "प्याले हुते का?"

अण्णानं मान वर केली. "कोन? बिरू?"

"व्हय."

"न्हाई. थेंबबी न्हाई. घाटात त्यो कवाच घ्यायचा न्हाई."

"लगीन झालं तवा शपथ घातली हुती मी," वहिनी म्हणाली. "तुमी येक सांगितलं, मालकांनी येक सांगितलं. मला वाटलं, पिऊन पडले असतील आनि माझ्यापास्नं लपवताय. दोन वर्सं मी त्येंच्या फोटूला हार घातला न्हाई."

वहिनीच्या मनात काय आहे हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे आपापल्या संशयात बुडालो होतो.

तिनं डोळे पुसले नाहीत. उठली, देवळीतला फोटो उतरवला आणि पदरानं काच पुसत बसली. अण्णा उठून निघाला तसा मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर आम्ही त्याच गाडीवर आणखी सहा हिवाळे काढले. पण त्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला, वडापच्या जीपची वाट बघत उभे असताना, मला एक गोष्ट त्याला सांगणं भाग होतं. घाटातून आल्यापासून तो ज्याला त्याला सांगत होता, येशवंता शहाणा, येशवंता उतरून बघतो.

"अण्णा," मी म्हणालो, "मी तुमच्या काळजीनं उतरलो न्हवतो. तुमी मला दरीत घालताय असं वाटलं म्हनून उतरलो. हातात जॅकची दांडी हुती."

"बघितली मी दांडी," तो म्हणाला. "ठावं हाय मला. तुजा माझ्याव भरवसा न्हवता." लांबून जीपचे दिवे दिसले तसं त्यानं धोतराचा सोगा सावरला. "बिरूचा आनि माझा येकमेकांव लई हुता. त्येनं आवाज दिला की मी कवा खाली वाकून बघितलंच न्हाई."